दोन धातूंचे नाणे

सारिका कोळेकरचा अंगठा हजेरीच्या यंत्राने सलग तिसऱ्या दिवशी नाकारला. आधी उजवा, मग डावा, मग एकेक करून दहाही बोटे तिने त्या काचेवर टेकवून पाहिली. दर वेळी तांबडा दिवा लागला. मागे रांगेत उभे असलेले ड्रायव्हर आणि कंडक्टर घड्याळाकडे बघू लागले. आगारप्रमुखांनी तिला गाडीवर जायला सांगितले, आणि लगेच हेही सांगितले की नोंद यंत्राची धरली जाते. तेव्हा आजचा दिवसही गैरहजेरीतच जाईल.

त्या दिवशी तिने मिरज ते कुपवाड अशा आठ फेऱ्या केल्या. साडेचारशे माणसांना तिकिटे दिली, दोन म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवले, एका पाकीटमाराला दंडाला धरून पोलिसांच्या ताब्यात दिले. आणि लोकवाहिनी बससेवेच्या दप्तरी ती त्या दिवशी कामावर आलेलीच नव्हती.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत असे कधी झाले नव्हते. पण यंत्राचीही चूक नव्हती. सारिकाच्या बोटांवर आता रेषाच उरल्या नव्हत्या. सहा महिन्यांपूर्वी बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. मग बारीक पाणीदार फोड आले, ते फुटले, कातडी सुकून तडकली. रोज नवी कातडी यायची आणि रोज सोलून जायची. कणीक मळताना मीठ झोंबले की डोळ्यांत पाणी यायचे. नवरा शशिकांत शीतगृहात पाळीवर असे. त्याने महिनाभर स्वतः भाकरी थापल्या आणि त्या जाड होतात म्हणून स्वतःच कुरकुरत खाल्ल्या.

हे सारे पन्नासाचे नवे नाणे आल्यापासून सुरू झाले, पण तसे म्हणायचे कुणाच्या मनात आले नव्हते.

ते नाणे का आले, हे थोडक्यात सांगायला हवे. सन २०३५ मध्ये देशातले पैसे देण्याघेण्याचे सगळे जाळे अकरा दिवस बंद पडले. लोकांच्या खात्यांत पैसे होते, पण दुधाची पिशवी विकत घेता येत नव्हती. त्या अकरा दिवसांत ज्यांच्या डब्यात चिल्लर होती त्यांच्याच घरी चहा झाला. सरकार जागे झाले. राष्ट्रीय नाणे मंडळ नावाची नवी संस्था उभी राहिली आणि ठरले की शंभर रुपयांच्या आतला रोजचा व्यवहार पुन्हा नाण्यांवर चालला पाहिजे. दोन वर्षांत पन्नासाची कोट्यवधी नवी नाणी बाजारात आली. बाहेर सोनेरी कडे, आत पांढरा गाभा. दिसायला देखणे, हाताला जड. पोरांनी त्याचे फोटो काढले.

आपण नाणे हातात घेतो तेव्हा त्यावरचा आकडा बघतो. ते कशाचे आहे हे विचारत नाही. एक-दोन रुपयांची जुनी नाणी पोलादाची होती, म्हणजे लोखंडात क्रोमियम मिसळलेले. क्रोमियममुळे पोलादावर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा धरतो आणि माणसाचा घाम आतल्या धातूपर्यंत पोचत नाही. नव्या नाण्यात पोलाद नव्हते. कडे पितळेचे, पण त्यात निकेल घातलेले. गाभा तांब्याचा, त्यात चौथा हिस्सा निकेल. अशा दोन धातूंमधून वीज ठरावीक प्रमाणात वाहते. त्यामुळे तिकिटाच्या आणि चहाच्या यंत्रांना खरे नाणे झटकन ओळखता येई आणि खोटे पाडणाऱ्याला ते जमत नसे. मंडळाने या गोष्टीचा मोठा गाजावाजा केला.

सारिकाने तर पहिल्या दिवशी मिळालेले नाणे गाडीतल्या ओळखीच्या प्रवाशांना दाखवले होते. तिची मुलगी ईश्वरी त्याच मंडळाच्या तळोजा येथील परीक्षणशाळेत कनिष्ठ धातुपरीक्षक होती. "माझ्या पोरीनं तपासलंय हे," असे ती सांगायची.

मिरजेत त्वचारोगाचे एक जुने डॉक्टर होते, मुजावर नावाचे. त्यांनी सारिकाच्या पाठीवर दहा वेगवेगळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. नऊ जागा स्वच्छ होत्या. दहाव्या जागी कातडी लाल होऊन फुगली होती. त्या पट्टीत निकेल होते.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले. धातूचा तुकडा कातडीत शिरत नाही. पण घामात विरघळलेले धातूचे सूक्ष्म कण शिरतात. ते तिथल्या प्रथिनांना चिकटले की शरीराचे पहारेकरी त्यांना शत्रू समजतात आणि त्यांची खूण कायमची लक्षात ठेवतात. पुढे तो कण केव्हाही भेटला की हल्ला ठरलेला.

"औषधानं फोड बरे होतील," डॉक्टर म्हणाले. "पण अंगात बसलेली ही आठवण पुसता येत नाही. यापुढं निकेलपासून लांब राहायचं."

कंडक्टरने नाण्यापासून लांब राहायचे म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होते. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या चार महिन्यांत असे हात घेऊन त्यांच्याकडे येणारी ती एकोणिसावी होती. तिच्याआधी पेट्रोल पंपावरची मुले, दोन भाजीवाल्या, एक देवस्थानचा कारकून, आणि बाकी सगळे कंडक्टर.

सारिकाने आगारात चौकशी केली. कोणी खिशात हात घालून फिरत होते, कोणी घरच्या भांड्यांच्या साबणाला दोष देत होते. तिने तेवीस जणांची नावे लिहून काढली, डॉक्टरांचा दाखला जोडला आणि मंडळाला पत्र पाठवले.

उत्तर सात आठवड्यांनी आले. त्यात लिहिले होते की, सदर तक्रारीत नमूद केलेला विकार हा वारंवार हात धुणाऱ्या, विशेषतः घरकाम करणाऱ्या महिलांमध्ये सर्वसाधारणपणे आढळतो. त्याचा नाण्याशी संबंध प्रस्थापित होत नाही. नाण्यातील दोन्ही मिश्रधातू विहित मर्यादेत सुरक्षित असल्याचा अहवाल सोबत जोडला आहे. तेवीस जणांत सतरा पुरुष होते. पत्र लिहिणाऱ्याने नावे वाचण्याचीही तसदी घेतली नव्हती.

सारिकाने अहवाल उघडला. आकड्यांचे तिला काही कळले नाही. शेवटच्या पानावर तिची नजर थांबली. तपासणी करणार: ईश्वरी शशिकांत कोळेकर. खाली सही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या सहीची नक्कल करून जिने मार खाल्ला होता त्या पोरीची, लफ्फेदार 'ई' असलेली सही.

रविवारी ती तळोजाला गेली. ईश्वरीने दार उघडले आणि आधी आईचे हात बघितले. इतके महिने आई फोनवर दिसत होती, पण फोन फडताळाला टेकवून बोलत होती; हात तिने कधी दिसू दिले नव्हते. ईश्वरीने चहा केला आणि सवयीने स्टीलच्या पेल्यात ओतला. सारिकाने तो उचलला नाही; सोललेल्या बोटांना गरम पेला सोसत नव्हता. पिशवीतून अहवाल काढून तिच्यापुढे ठेवला आणि विचारले, हे खरे आहे का.

"आई, तपासणी खोटी नाही," ईश्वरी म्हणाली. "पण अर्धीच आहे."

"मग सही पुरी कशी केलीस?"

ईश्वरीने एक कोरा कागद पुढे ओढला. मग तिने कागदावर एक वर्तुळ काढले, आत दुसरे वर्तुळ काढले आणि सांगू लागली. नियमात लिहिले होते की प्रत्येक मिश्रधातूची चाचणी करावी. तिने कड्याचा धातू वेगळा घेतला, गाभ्याचा वेगळा घेतला, दोन्ही आठवडाभर कृत्रिम घामात बुडवून ठेवले. दोन्हींतून सुटलेले निकेल मर्यादेच्या आत भरले. पण खिशात कुणी कडे वेगळे आणि गाभा वेगळा ठेवत नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर खारट पाणी आले की त्यांचा विजेचा घट तयार होतो, टॉर्चच्या सेलसारखा. वीज वाहू लागते आणि त्या ओढीने एका धातूचे कण भराभर सुटून पाण्यात उतरतात. तळहाताच्या घामात प्रत्येक नाणे असा एक छोटा सेल होते. कंडक्टरच्या मुठीत दिवसभर असे शेकडो सेल चालू असतात.

ही शंका ईश्वरीला तेव्हाच आली होती. तिने आपणहून अख्खे नाणे घामात बुडवून पाहिले. निकेल मर्यादेच्या चाळीसपट निघाले. तिने ते परिशिष्ट म्हणून अहवालाला जोडले. उपसंचालकांनी बोलावून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले की परीक्षेत जेवढे विचारले आहे तेवढेच लिहायचे असते. साचे तयार होते, नाण्यांच्या कोऱ्या चकत्यांचा पुरवठादार ठरला होता, उद्घाटनाची तारीख ठरली होती. ईश्वरीची नोकरी तेव्हा तीन महिन्यांची होती. तिने परिशिष्ट काढले आणि सही केली.

"मला वाटलं, वरचे लोक बघतील," ती म्हणाली. "कुणाला इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं."

सारिकाने आपले दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले, मग उलटे केले. "आता बघ," ती म्हणाली.

तिने त्या परिशिष्टाची प्रत मागितली. ईश्वरी म्हणाली की ती देणे म्हणजे गोपनीयतेचा भंग, नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. सारिकाने दुसऱ्यांदा मागितली नाही. पेल्यातला चहा तसाच गार झाला आणि ती दुपारच्या गाडीने परत निघाली.

घरी शशिकांतने सगळे ऐकून घेतले. मग तो स्पष्ट बोलला: "पोरीची नोकरी घालवून तुझे हात बरे होणार हैत का?"

"माझे नाही होणार," सारिका म्हणाली. "पण परवा आगारात नव्या पंधरा जणी भरती झाल्यात. त्यांच्या बोटांवर अजून रेषा हैत."

तो उठून बाहेर गेला. त्यानंतरचे काही दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. सारिकाने मुलीचे नाव कुठेही घेतले नाही. पण तिला आता प्रश्न कळला होता. तेवीस जणांच्या सह्यांनिशी तिने जाहीर सुनावणीची मागणी केली आणि अर्जात एकच ओळ लिहिली: जोडलेल्या अख्ख्या नाण्याची तपासणी झाली आहे काय?

अर्ज दोनदा फेटाळला गेला. तिसऱ्यांदा अर्ज केला त्याच सुमारास एका आमदाराच्या बहिणीचे हात बिघडले आणि सुनावणी लागली.

ती सांगलीत एका सरकारी सभागृहात झाली. मंचावर मंडळाचे अध्यक्ष, दोन तज्ज्ञ आणि वकील. खाली हातांना फडकी गुंडाळलेली माणसे. पहिल्या तज्ज्ञांनी पडद्यावर आलेख दाखवले: कड्याचा धातू सुरक्षित, गाभ्याचा धातू सुरक्षित. दुसऱ्या तज्ज्ञांनी सांगितले की निकेल डाळीत असते, काजूत असते; लोकांनी उगाच घाबरू नये. एका कंडक्टरने विचारले की मी काजू कधी खाल्ले ते मला आठवत नाही, माझ्या हाताचे काय. त्याला खाली बसवण्यात आले.

सारिका उठली. तिने अर्जातली ओळ वाचली. अध्यक्षांनी वकिलांकडे पाहिले. वकिलांनी सांगितले की हा प्रश्न या सुनावणीच्या कक्षेत येत नाही. ती म्हणाली की मग कोणत्या सुनावणीच्या कक्षेत येतो ते सांगा, मी तिथे जाते.  अध्यक्षांनी पुढचे नाव पुकारले.

तेव्हा मागच्या दारातून ईश्वरी आत आली. तिच्या गळ्यात मंडळाचे ओळखपत्र होते. सारिकाला तिच्या येण्याची काहीच कल्पना नव्हती. क्षणभर तिला वाटले की पोरीला धरून तसेच बाहेर न्यावे. पण ईश्वरी थेट मंचासमोर गेली. तिने आपले नाव सांगितले, पद सांगितले, त्या अहवालावर आपली सही असल्याचे सांगितले. मग अध्यक्षांना विनंती केली की त्यांनी स्वतःच्या खिशातले पन्नासाचे नाणे काढावे.

अध्यक्षांनी ते दिले. न देणे वाईट दिसले असते. ईश्वरीने पर्समधून एक बाटली आणि कापसाचे बोळे काढले. बाटलीत निकेल ओळखण्याचे रसायन होते. निकेलचे विरघळलेले कण भेटले की ते गुलाबी होते, नाही भेटले तर होत नाही, एवढेच तिने सांगितले. आधी तिने दोन रुपयांचे जुने पोलादी नाणे अर्धा मिनिट पुसले. बोळा पांढराच राहिला. तो तिने उंच धरून सगळ्यांना दाखवला. मग अध्यक्षांचे नाणे पुसले, कडे आणि गाभा जिथे मिळतात त्या रेषेवरून गोल फिरवून.

बोळा गुलाबी झाला. फिका नव्हे, जास्वंदीसारखा.

सभागृहात गलबला झाला. मागच्या रांगांतली माणसे खुर्च्यांवर चढून बघू लागली. ईश्वरीने त्या गलबल्यातच परिशिष्टाची प्रत मंचावर ठेवली आणि चाळीसपट हा आकडा दोनदा मोठ्याने वाचला. अध्यक्षांनी तळहात पँटला पुसला. मग माइक जवळ ओढून ते म्हणाले, "या प्रयोगाची पूर्वसूचना दिलेली नाही. कार्यवृत्तात याची नोंद घेतली जाणार नाही."

आणि खरोखरच घेतली गेली नाही. सुनावणीचे कार्यवृत्त चौदा पानांचे आहे. त्यात अल्पोपाहाराची नोंद आहे, गुलाबी बोळ्याची नाही.

महिनाभरात निकाल आला. नाणी चलनात राहतील. खबरदारी म्हणून कंडक्टरांना हातमोजे देण्यात येतील. मोजे सुती निघाले. घामाने ओले झाले की तेच निकेलचे पाणी दिवसभर कातडीला बांधून ठेवत. डॉक्टर मुजावरांनी ते मंडळाला लिहून कळवले. त्यांना पोच मिळाली.

ईश्वरीला आधी निलंबित केले आणि मग कामावरून काढले. कारण गोपनीयतेचा भंग. परिशिष्ट काढायला लावणाऱ्या उपसंचालकांना त्याच वर्षी बढती मिळाली. ईश्वरी मिरजेला परत आली आणि तंतुवाद्यांच्या तारा ओढणाऱ्या एका कारखान्यात लागली. पितळेची तार किती ताणली की तुटते, पोलादाची किती, हे तपासायचे काम. मालक तिला मान देई. घरी मात्र मायलेकींत मोजकेच बोलणे होई. पोरीने सभागृहात जे केले त्याचा सारिकाला अभिमान होता. पण तेच तिने दोन वर्षे आधी केले असते तर, हा विचार रोज सकाळी हाताला मलम लावताना मनात येई. ती तो बोलून दाखवत नसे. ईश्वरीला तो न बोलता कळत असे.

हजेरीसाठी डोळ्यांवरून ओळखणारे यंत्र बसवायला आगाराने पाच महिने घेतले. सारिकाला सामानाच्या खिडकीवर बसवले, तिथे नाणी कमी येत. तिच्या जागी त्या पंधरा नव्या मुलींपैकी एक आली. आठव्या महिन्यात तिच्याही बोटांना फोड आले.

आणि सुनावणीनंतर सव्वा वर्षाने ते नाणे बंद झाले.

सूचना आगाराच्या फलकावर लागली. सारिकाने ती उभ्याने दोनदा वाचली. जागतिक बाजारपेठेतील निकेलच्या दरवाढीमुळे सदर नाण्याचा उत्पादनखर्च त्याच्या दर्शनी मूल्याहून अधिक होत असल्याने ते टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात येत आहे. नागरिकांनी दाखवलेल्या विश्वासाबद्दल मंडळ आभारी आहे. एवढेच. हातांचा शब्द नाही. फोडांचा नाही, तेवीस नावांचा नाही, तोपर्यंत तेविसांचे एकशे सहा झाले होते त्यांचाही नाही. धातू महाग झाला म्हणून नाणे गेले. माणसे झिजत होती तोवर ते परवडत होते.

फलकाजवळ उभे असलेले काही जण म्हणाले की जाऊ दे, सुटलो एकदाचे. सारिका म्हणाली, "सुटलो नाही. हे असंच कागदावर राहिलं, तर पुढचं नाणंबी असंच येईल."

तिने सूचनेची प्रत काढून आणली आणि खालच्या कोऱ्या जागेत प्लास्टिकच्या पेनाने लिहायला बसली. पट्टी बांधलेल्या बोटांनी अक्षर वेडेवाकडे येत होते, म्हणून सावकाश लिहिले. वर दिलेले कारण आम्हाला मान्य नाही. या नाण्याने आमचे हात गेले. हे मंडळाला आधीपासून माहीत होते. तिची सही पहिली. मग जेवणाच्या सुट्टीत कागद फिरू लागला. ड्रायव्हरांनी सह्या केल्या, पंपावरची मुले येऊन सह्या करून गेली. आगारप्रमुखांनी कागद वाचला, दार लोटून घेतले आणि सही केली.

शनिवारी दुपारी सारिका तारांच्या कारखान्यात गेली. तिथे ती पूर्वी कधी आली नव्हती. ईश्वरी तारेचे वेटोळे वजन करून ठेवत होती. आईला दारात बघून ती घाबरली. तिला वाटले घरी काही झाले. सारिकाने कागद तिच्यापुढे धरला आणि सही करायला सांगितले.

ईश्वरीने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली की हा हात गेलेल्या माणसांचा कागद आहे, यात माझी सही कशी चालेल.

"मंडळाला माहीत होतं, असं लिहिलंय त्यात," सारिका म्हणाली. "ते कुणी सांगायचं? तूच तपासलं होतंस की."

ईश्वरीने हात पुसले. टेबलावर जागा केली. पूर्ण नाव लिहिले, लफ्फेदार सही केली. मग थोडे थांबून सहीखाली हुद्दा लिहिला: कनिष्ठ धातुपरीक्षक (बडतर्फ).

सारिकाने ती ओळ वाचली. शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरून ठेवला, मग मंडळाचा पत्ता लिहिलेल्या लिफाफ्यात घालून मुलीच्या हातात दिला. लिफाफा चिकटवायला तिची बोटे धड नव्हती.

"मालकांना सांगून अर्धा तास सुट्टी घे," ती म्हणाली. "रजिस्टर पोस्टाची खिडकी तीनला बंद होते. दोघी जाऊ."